कोणती सुई

मूल
९ जानेवारी २०२४

निकेश,

आशीर्वाद लिहीत नाई. मोठी बहीण आहो म्हून लिहून राह्यली, नाई त तुह्यासाठी कागद खराब केला नसता. जेलातून तुहा फोन येते त मागं दहा जण बोंबलतात अन् समोरून तू बोंबलतो. पत्रात निदान मधात बोलता येणार नाई तुले. आता गुमान वाच.

माय माह्याजवळ मूलले, माह्या सासरी आहे. खैरडोहले तिले एकटीले कोण पाहीन? बाबा असते त गोष्ट वेगळी होती. तुहे भाऊजी राइस मिलमधी पोते उचलतात, मीबी तिथीच झाडझूड कराले जाते, तेवढा वेळ शेजारीण तिच्याजवळ बसते.

तू म्हणत होता, सुकरीनं करणी केली म्हून मायच्या पायावर जांभळे डाग येतात. डाकिणीचे दात पाडले का तिले मंतर म्हणता येत नाई, मग डाग जातात. बरं मग? शेजारच्या सुकरी मावशीचे समोरचे सारे दात तू पाडले. ज्या हातानं ती बायाइले गोंदण काढून देते तो उजवा हात तिच्याच पाट्यावर ठेवून तिच्याच वरवंट्यानं चेंदला. तुह्या त्या मैतरानं, मिथुननं, तिचे पाय दाबून धरले. लच्छू मावसा आपल्या बायकोसाठी तुह्या पाया पडला त त्याच्या तोंडावर तू लाथ घातली. अख्खं गाव पाहत उभं होतं. मी पोंभुर्ण्याच्या गाडीनं उतरली तवा पोलीस तुले नेऊन राह्यले होते, अन् मावशीच्या अंगणात सडा टाकल्यावाणी रक्त होतं. एक कोंबडी दातावर चोच मारून राह्यली होती. मी माह्या डोळ्यानं पाह्यलं निकेश.

इतकं करून डाग गेले का? नाई गेले! उलट वाढले. दोन्ही पोटऱ्या भरल्या आहेत. मसुराच्या दाण्याएवढे डाग, बोट फिरवलं त वर आलेले लागतात. हाताची बोटं पांढरीफट्ट होतात, मग निळी. डाव्या पायाचं एक बोट त काळंच पडून राह्यलं. बोडीत शिंगाडे काढाले थंड पाण्यात उतरली का डाग येतात, घरी चुलीपुढं बसली का फिके पडतात, हे तुह्या ध्यानात आलं नाई? का अक्कल शेण खाले गेलती? पाण्यात काय सुकरी मावशी बसली होती?

या हप्त्यात मायले नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेतो. तोवर तू एकच कर. सुकरी मावशीचं नाव तोंडातून काढू नको. ती चंद्रपूरच्या दवाखान्यात पडून आहे, हाताचं ऑपरेशन झालं. तिच्या जिवाले आता काही झालं त मी तुहं तोंड पाहणार नाई.

रुपाली


कारागृह, चंद्रपूर
१७ जानेवारी २०२४

बाईले निकेशचा नमस्कार.

पत्र भेटलं. इथी पहिले साहेब लोक वाचतात मग आमाले देतात. शिपाई पत्र देता देता म्हणे, "तुही बहीण लय कडक आहे बे." मी म्हटलं, लहानपणी बोडीत बुचकळत होती, आता पत्रात बुचकळते.

तू बारावी शिकली म्हून तुले वाटते आमच्या डोस्क्यात भुसा भरला आहे. मी काही उगाच हात उचलला नाई. डाग कुठी येतात ते पाह्यलं का तू कधी? पोटरीवर. सुकरीनं मायले लग्नाच्या आधी विंचू गोंदून देला ना, त्याच विंचवाच्या भवताल. भगतानं एका नजरेत सांगतलं का गोंदणारीनं सुईनं चामडीले दार पाडून ठेवलं. आता मनात आलं का त्या दारातून रक्त पिते. ज्यानं दार पाडलं त्यालेच ते उघडता येते. हे मले पटलं. तू तिथी असती त तुलेबी पटलं असतं.

दाताचं मले काही वाटत नाई. हाताचं थोडं वाटते, खोटं काऊन बोलू? हाड मोडलं त मले वाटलं काडी मोडल्यावाणी आवाज येईन. तसा नाई आला, ओला आवाज आला. बराकीत पडलो का तो आवाज कानात येते. पण कोणी मायले हळूहळू मारून राह्यलं असन त मी काय तळ्याच्या पाळीवर बसून पाहू? बाबा गेल्यावर घर राखणारा मीच आहो. माह्या मायवर जो हात टाकीन त्याले मी सोडणार नाई. मले एवढंच येते बाई.

इथी एक जण म्हणे, बुढीले मारून आला मोठा मर्द. त्याचं डोस्कं मी नळावर आपटलं. मग त्याच्या मैतराइनं मले धरलं, माही पाठ सारी हिरवीकाळी आहे. मायले सांगू नको.

नागपूरवाले काय म्हणतात ते लिहिजो. मायले शिंगाडे उकडून देजो, तिले आवडतात.

निकेश


नागपूर
४ फेब्रुवारी २०२४

निकेश,

मायच्या पायाचं बोट कापलं.

अंगठ्याजवळचं. सडलं होतं, वास येऊन राह्यला होता, ठेवलं असतं त पाय गेला असता. भूल उतरताना ती तुहंच नाव घेत होती. मी बाहेर येऊन भिंतीवर डोस्कं आपटलं, इतका तुहा राग आला मले.

आता शांतपणे वाच, कारण मी हे मोठ्या मुश्किलीनं समजून घेतलं आहे. इथी एक डॉक्टरीनबाई आहेत. आधी एटापल्लीले नोकरीवर होत्या, त्याइले आपली बोली समजते. मी लाजत लाजत तुह्या करणीचं सांगतलं. मले वाटलं हसतीन. त्या नाई हसल्या. म्हणाल्या, "डाग खरे आहेत रुपाली. तुझ्या भावानं माणूस चुकीचा धरला."

मायच्या रक्तात एक विषाणू आहे, हेपॅटायटिस सी म्हणतात त्याले. लिव्हरात राह्यते. कावीळ नाई, दुखणं नाई, चोरावाणी गुमान बसून राह्यला इतके वर्ष. आपल्या अंगात राखण करणाऱ्या पेशी असतात, त्या त्याले माराले रोज काहीबाही बनवून रक्तात सोडतात. पण हा बदमाश रोज रूप बदलते, हाती लागत नाई. राखणवाले मग थांबतच नाई, बनवतच राहतात. ते बनवलेलं रक्तात एकमेकाले चिकटते अन् थंडी लागली का थिजते. मटणाच्या रश्श्यावर हिवाळ्यात चरबी थिजते ना, तसं. पाय पाण्यात, थंडी, तिथीच ते बारीक नळ्याइमधी अडकते. मग राखणवालेच त्या नळ्याइवर तुटून पडतात, नळ्या फुटतात, रक्त चामडीखाली सांडते. ते तुहे जांभळे डाग.

मले खरं वाटलं नाई त बाईनं मायच्या रक्ताचं पाणी एका काचेच्या नळीत दाखवलं. फ्रिजमधून काढली त तळाले पांढरं दही. म्हणाल्या, मुठीत धर. मी धरून बसली. पाहता पाहता ते विरघळलं, साफ पाणी झालं. निकेश, माह्या मुठीत करणी विरघळली! तू असता त तुह्या डोळ्यासमोर धरली असती ती नळी.

बाई म्हणाल्या, विषाणूपेक्षा जास्त नुकसान हे राखणवालेच करून राह्यले, त्याइले वैरी अन् आपला यातला फरक समजेनासा झाला. मले एकदम तूच दिसला. बरं नाई बोलली, पण खरं तेच बोलली.

आता हा विषाणू आला कुठून, त सुईनं आला. एवढंच सांगते. पंचवीस-तीस वर्षाची जुनी गोष्ट आहे. कधी, कोणाच्या हातून, ते खोदत बसू नको. मायनं शपथ घातली आहे का निकेशले याच्यावर काही बोलायचं नाई.

गोळ्या सुरू झाल्या. सरकारी आहेत, तीन महिने घ्याच्या. विषाणू मरते म्हणतात. सुकरी मावशीचा यात काडीचा संबंध नाई, हे डोस्क्यात ठोकून घे. जामीन भेटला त तिच्या अंगणात पाय ठेवणार नाई, असं मले उलट टपालानं लिहून दे.

रुपाली


कारागृह, चंद्रपूर
१३ फेब्रुवारी २०२४

बाई,

मायच्या बोटाचं वाचून मी जेवलो नाई.

पण तुही डॉक्टरीनबाई मोठी हुशार निघाली. तिनं माहीच गोष्ट सांगतली, फक्त मोठ्या शब्दात! सुईनं आला! तू सोताच्या हातानं लिहिलं, अन् वरून म्हणते सुकरीचा संबंध नाई. अवो, गावात माणसाच्या अंगात सुई खुपसणारी दुसरी कोण आहे? पंचवीस-तीस वर्षाची गोष्ट म्हणते, तवाच त मायचं गोंदण झालं. भगत म्हणे दार पाडलं, डॉक्टरीन म्हणते सुईनं आला. दोन्ही एकच झालं ना? तुह्या शिकण्याचा काय फायदा, एवढी सरळ गोष्ट तुले दिसत नाई. अन् माय शपथ काऊन घालते तेबी समजलं मले. सुकरी तिची लहानपणची मैतरीण, तिले वाचवाले पाहते. माय भोळी आहे.

मी उगाच मनाले खात होतो. हाताचा तो आवाज येणं बंद झालं आता.

मिथुनले जामीन भेटला, तो मुलाखतीले आलता. त्याले तुहं पत्र वाचून दाखवलं. तोबी म्हणे, डॉक्टरनंच लिहून देलं त आता कोर्टात काय अन् गावात काय, आपूनच खरे. गोंदण त त्याच्या मायचंबी तिनंच केलं आहे. लय तापून गेला तो इथून.

मायले माहा नमस्कार. गोळ्या चुकू देऊ नको.

निकेश


मूल
१८ फेब्रुवारी २०२४

निकेश, अरे मूर्खा,

ती सुई नाई! सुई म्हणजे दवाखान्याची सुई! ताप आला का आपून म्हणत नाई का, सुई लावून आलो? ती सुई. इंजेक्शन. गोंदणाची नाई, नाई, नाई! कोणत्या तोंडानं मी तो शब्द लिहिला अन् कोणत्या डोळ्यानं तू वाचला!

सुकरी मावशीच्या हाताचं ऑपरेशन करायच्या आधी तिथी तिचं रक्त तपासलं. तिच्यात हा विषाणू नाई. मी सोता चंद्रपूरले जाऊन तिच्या कागदावर पाह्यलं. तिच्यात नाईच त ती मायले देणार काहाची?

मिथुनले थांबव. जेलातून फोन कर, शिपायाच्या पाया पड, काहीही कर. मी त्याले फोन लावून राह्यली त उचलत नाई. मावशी घरी आली आहे. लच्छू मावसा तिले लेकरावाणी चमच्यानं पेज पाजते. त्या दोघाइले जगू दे रे.

रुपाली


कारागृह, चंद्रपूर
२७ फेब्रुवारी २०२४

बाई,

दवाखान्याची सुई म्हणते, मग नाव सांग. कोणता दवाखाना? कोणता डॉक्टर? कधी? मायले त मी जन्मल्यापासून पाह्यलं, ती कधी सुई लावाले गेली नाई, ताप आला तरी काढा पिऊन पडते. मग ही सुई आली कुठून?

तू नाव सांगत नाई कारण नाव नाई. सुकरीले वाचवाले तू अन् माय मिळून गोष्ट बनवून राह्यल्या. रक्तात नाई म्हणे! जी देते तिच्यात काहाले राहीन? साप काय सोताच्या जहरानं मरते?

नाव लिहिलं त मी मिथुनले निरोप देतो. नाई त मी समजतो तेच खरं.

निकेश


खैरडोह
३० मार्च २०२४

निकेश,

लच्छू मावसा मेला.

तुहं मागचं पत्र आलं तवाच मी मायले म्हटलं होतं, शपथ मोड, मले त्याले खरं सांगू दे. तिनं माहा हात उचलून आपल्या डोस्क्यावर ठेवला अन् रडाले लागली. मी नाई लिहू शकली. वाटलं पोलिसाइले सांगून काम होईन. पोलीस एकदा येऊन मिथुनले दम देऊन गेले, झालं. मग होळी आली. मायचा जीव मूलले रमत नव्हता, म्हणे सणाले घरी ने. मी घेऊन आली.

धुळवडीच्या दिवशी दुपारी मिथुन मोहाची पिऊन कुऱ्हाड घेऊन निघाला. संगं तिघं-चौघं. मावसा दारातच बसला होता, मावशीचे केस विंचरून देत होता, तिच्याच्यानं एका हातानं होत नाई म्हून. त्यानं कुऱ्हाड पाह्यली अन् हातातली फणीच पुढं केली, दुसरं काय होतं त्याच्याजवळ? पहिला घाव खांद्यात बसला. दुसरा मानेवर. तो पडला तरी मिथुन थांबला नाई निकेश, लाकूड फोडल्यावाणी फोडत होता अन् दर घावाले ओरडे, "डॉक्टरनं लिहून देलं! डॉक्टरनं लिहून देलं!" पोट्टे रंग खेळून राह्यले होते, त्याइले वाटलं मावसा रंगानं भिजला.

मावशी पळाली अन् सरळ आपल्या, मायच्या घरात घुसली. जिच्या पोरानं तिले तोडलं त्या घरात, कारण तिले जवळ तेच दार होतं. माय पट्टी बांधलेल्या पायानं उठली अन् दारात आडवी झाली. मिथुननं तिले ढकललं त ती चौकटीवर आदळली, कपाळ फुटलं, पण हटली नाई. म्हणे, "माह्या पोराच्या मैतरा, ये, पहिले मले तोड. तिच्या सुईनं मले काही झालं नाई." त्यानं कुऱ्हाड उचलली ती चौकटीत बसली. तो काढतच होता तवा मी मागून त्याच्या डोस्क्यावर मुसळ घातलं. हो, मी. तो पडला. मलेबी दुसरं घालाचं होतं, मायनं हात धरला. तिनं धरला म्हून मिथुन जिवंत पोलिसाइच्या हाती लागला अन् मी आज तुह्यासंगं बराकीत नाई.

तुह्या तोंडून माहं पत्र ऐकूनच तो तापला होता. शब्द माहा, वाचणारा तू, कुऱ्हाड मिथुनची, अन् मान लच्छू मावसाची.

मले आता उत्तर लिहू नको.

रुपाली


कारागृह, चंद्रपूर
६ जुलै २०२४

बाई,

तीन महिने लिहिलं नाई. तूच नको म्हटलं होतं.

मी मिथुनले मार म्हटलं नाई. पत्र वाचून दाखवलं, बस. भेव दाखव, गाव सोडून जाले सांग, एवढंच म्हटलं असन. गरीब माणूस होता लच्छू, कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्याचं मले वाईट वाटते. पण हे सारं सुरू कोणी केलं? माय मरत नसती त मी काहाले हात उचलला असता?

आता कामाचं. वकील म्हणते पुढच्या महिन्यात जामिनाची तारीख आहे. माय कोर्टात आली, जजसाहेबाले आपला पाय दाखवला, एकच पोरगा आहे, पाहणारं कोणी नाई असं म्हटलं, त काम होते. तिले घेऊन येजो. मी घरी आलो का तिची सेवा करीन, बोडीत तिले उतरू देणार नाई, शिंगाडे मीच काढीन. एवढं कर बाई. माहा राग तुह्याकडं ठेव, पण मायले आण.

अन् ते नाव अजूनबी तू लिहिलं नाई.

निकेश


खैरडोह
२५ ऑगस्ट २०२४

निकेश,

मायले आणलं. तू कठड्यातून तिले हात जोडले, तुले वाटलं ती तुह्यासाठी आली. तिचा आवाज बारीक, अन् तुहा वकील मधातच बोलून राह्यला होता, म्हून ती काय म्हणाली ते तुले नीट ऐकू आलं नसन. जामीन नाकारला एवढंच तुले समजलं. तिचे शब्द लिहिते. "साहेब, हा माहा एकच पोरगा आहे. माह्यावर लय जीव आहे त्याचा. त्याले घरी पाठवू नका. माह्या घरी सुकरी राह्यते."

हो, मावशी आता आपल्या घरीच राह्यते. तिच्या घराले मायनं कुलूप लावलं. दोघी एका ताटात जेवतात. तिले चावता येत नाई म्हून माय भात कुस्करून गिजगा करते, अन् तिची उजवी मूठ मिटत नाई म्हून घास भरवते. पहिले काही दिवस मावशी रात्री उठून दाराले पाटा लावून ठेवे. आता नाई लावत.

मायचंबी सांगते. गोळ्या संपल्या, तपासलं, विषाणू गेला. तरी डाग येतच राह्यले! मी डॉक्टरीनबाईवर अशी चिडली का विचारू नको. त्या म्हणाल्या, असं होते कधी कधी. वैरी गेला, पण त्याच्या नावानं मारणं सुरू झालं ते लगेच थांबत नाई, त्याइले खबरच नसते का तो गेला. मग एक औषध सलाइनमधून देलं. ते त्या बिथरलेल्या पेशीच कमी करते. ते दिवस लय भेवाचे होते, कारण राखणच कमी झाली त साधा ताप मायले घेऊन गेला असता. मी तिले काचेवाणी जपली. आता पाय साफ आहेत. पाऊस चालू आहे, ओली होते, तरी डाग नाई.

आता तुहं ते नाव.

डॉक्टरीनबाईनं पहिल्याच दिवशी मायले विचारलं होतं, कधी रक्त चढवलं होतं का? चढवलं होतं. तू जन्मला त्या दिवशी. तू आडवा होता, मायचं रक्त थांबेना, बाबानं बैलबंडीत टाकून नेली, बंडीच्या फळ्यातून रक्त गळत होतं म्हणे. दवाखान्यात दोन बाटल्या रक्त चढवलं. त्या काळात देलेल्या रक्तात हा विषाणू आहे का नाई ते आतासारखं तपासत नव्हते. बाई म्हणाल्या छातीठोक कोणीच सांगू शकत नाई, पण बहुतेक तिथूनच आला. सुई म्हणजे ती सुई. नागपूरले जायच्या आधी मायले आयुष्यात लागलेली एकच. तू म्हणाला ते बरोबर होतं, तू जन्मल्यापासून तिनं कधी सुई लावली नाई. त्याच्या आधी तासभर लावली होती.

ज्यानं रक्त देलं त्याले माहीत नव्हतं. ज्यानं चढवलं त्याले माहीत नव्हतं. अन् ते रक्त नसतं त माय त्याच दिवशी गेली असती. यात कोणाचाच गुन्हा नाई निकेश. मायनं म्हूनच शपथ घातली. म्हणे, "निकेशले माराले कोणी ना कोणी लागते. दुसरं कोणी नाई भेटलं त तो सोताले मारीन." तुले वाचवाले ती चूप बसली, मी तिच्यासाठी चूप बसली, अन् लच्छू मावसा गेला. हे तिनं सुकरी मावशीले सोताच्या तोंडानं सांगतलं. मावशीचं बोलणं आता बोबडं झालं आहे, दात नाई त शब्द निसटतात. पण मले साफ समजलं. म्हणाली, "लिहून टाक पोट्ट्याले. त्याले जिवंत राहून हे माहीत असू दे."

म्हून लिहिलं. आता बस तिथी अन् सांग, कोणाचे दात पाडतो?

रुपाली

माय बाजूले बसली आहे. म्हणते, शेवटच्या दोन ओळी माह्या लिही, जशाच्या तशा. "बाळा, मी बरी आहो. घरी येऊ नको."